आईचे गुडघे आणि अण्णांची फियाट

पिकअपच्या पायरीवरून आईचा पाय निसटला. दंड माझ्या हातात होता म्हणून ती पडली नाही, पण माहेरी जायचं त्या दिवशी राहिलंच. ओट्यावर टेकत ती म्हणाली, "ह्या उंचाड्या गाडीत चढायचं आता माझ्याच्यानं होत नाही. अण्णांच्या गाडीत कसं, नुसतं टेकलं की झालं." आणि तिची नजर गोठ्याच्या पडवीकडं गेली. तिथं जुन्या ताडपत्रीखाली अण्णांची, म्हणजे माझ्या वडलांची, 1968 सालची फियाट 1100 डिलाइट उभी होती. 2006 पासून ती जागची हलली नव्हती.

मी रोज चालवतो ती पिकअप. आलं हे आमचं मुख्य पीक. शिवाय भावकीतला आणि शेजारपाजारचा माल घेऊन आठवड्यातून चार रात्री सातारा जिल्ह्यातून पुण्याच्या मार्केट यार्डात जातो. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, सतराशे किलो मालाची क्षमता, पॉवर स्टेअरिंग. या गाडीनं आमचं घर उभं केलंय, तिच्या पोटावर पाय देऊन मला जुन्या गाडीचं कौतुक करायचं नाही. पण तिच्यात आईला चढता येत नव्हतं. नवी कार त्या वर्षी परवडणारी नव्हती. मग घरात ठरलं, आहे ती फियाट चालू करून बघू. डिसेंबर 2023 मध्ये ताडपत्री काढली आणि फियाट रस्त्यावर यायला फेब्रुवारी 2025 उजाडला. या चौदा महिन्यांत दोन्ही गाड्या अंगणात शेजारी शेजारी उभ्या होत्या. रात्री एक चालवायची, दुपारी दुसरी उघडायची. त्यामुळं दोघींची तुलना कागदावर न होता हाताला आणि कमरेला कळत गेली.

अण्णांनी ही गाडी 1981 साली साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली. नवी गाडी बुक करून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. ती कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली. आधीची गोलमटोल 1100 लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली, मग पुढची दारं उलटी उघडणारी सुपर सिलेक्ट आली, मग सरळ दारांची डिलाइट. डिलाइटचंच नाव पुढं 1974 साली प्रीमियर पद्मिनी झालं आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती घराघरात पोचली. आम्ही ताडपत्री काढायच्या पाच-सहा आठवडे आधीच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली होती. ती बातमी मी मार्केट यार्डात चहा पिताना वाचली होती आणि घरच्या पडवीतली गाडी तेव्हा मनातही आली नव्हती. याचं मला आज वाईट वाटतं.

मागचं सीट काढलं तेव्हा खाली उंदरांचं घरटं होतं, एक बांगडी होती आणि पत्र्याच्या खोबणीत मातीत रुतून बसलेलं आल्याचं बोटभर कांडं होतं. वाळून त्याची सुंठ झालेली. नखानं खरवडून बघितलं, वास उरला नव्हता. पण माती आमच्याच रानातली, तांबूस. मला एकदम आठवलं, हंगामात अण्णा मागचं सीट काढून ओसरीवर ठेवायचे आणि गाडीत आल्याची पोती भरायचे. पाच पोती मागं, दोन डिकीत. आम्ही भावंडं त्या ओसरीवरच्या सीटवर गाडी-गाडी खेळायचो. म्हणजे आमच्या घरची पहिली पिकअप हीच.

मिस्त्रींनी गाडी ओट्यांवर चढवली आणि मागच्या पाट्यांवर, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी कमानपट्ट्यांवर, बॅटरी मारली. ते सत्तरीच्या पुढचे, अण्णांच्या वेळेपासून गाडी ओळखणारे. म्हणाले, "हा खालून दुसरा पाटा बघ. हा फियाटचा न्हाय. जीपचा कापून घातलाय. तुझ्या वडलांनीच घालून घेतला आसंल." जाडीला वेगळा, कडा घणानं ठोकलेल्या. नऊशे किलोच्याही आतली ही गाडी, तिच्या पाठीवर साडेतीनशे किलो आलं घालून अण्णा साताऱ्याच्या मंडईत जायचे. माझी पिकअप अशा जवळपास दोन फियाट हौद्यात घेईल, वजनाच्या हिशोबानं.

त्या दिवशी मी पिकअपच्या खालीही वाकून बघितलं. मागं तसेच कमानपाटे, तसाच दोन्ही चाकं जोडणारा सलग आडवा आक्स, मागच्या चाकांना तसेच ड्रम. पन्नासहून जास्त वर्षांचं अंतर, आणि मागचा सांगाडा सख्ख्या बहिणींचा. उलट एका बाबतीत जुनी गाडीच पुढं होती. पिकअपला खाली शिडीसारखी जाड चासी आहे, तिच्यावर केबिन आणि हौदा बोल्टनं आवळलेत. बैलगाडीच्या साटीवर जसं सगळं तोललेलं असतं, तोच विचार. फियाटला वेगळी चासीच नाही. पत्रे घडी घालून, एकमेकांना जोडून अख्ख्या अंगाचंच खोकं केलंय आणि ते खोकंच भार घेतं. आजच्या जवळपास सगळ्या कार अशाच असतात. मात्र त्याची किंमत आम्ही मोजली. पिकअपचा पत्रा सडला तर गाडी चालत राहील. फियाटच्या दाराखालचा पत्रा सडला म्हणजे गाडीचा कणाच सडला. आमच्या गाडीचा डाव्या बाजूचा सडला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार. डेंटरनं दारं मोकळी करायच्या आधी आतून लोखंडी आधार वेल्ड केले, नाहीतर कापताना गाडी मधेच वाकली असती. तीन महिने नुसत्या पत्र्याला गेले.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि ऑइल ओतलं, आठ दिवस मुरू दिलं, मग हँडल लावलं. पहिल्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी हँडल बोटभर सरकलं आणि आतून कर्र असा आवाज आला; मिस्त्रींनी हात वर केला, जोर करू नको म्हणून. संध्याकाळपर्यंत पुढं-मागं करत करत पूर्ण फेरा फिरला. पण उघडल्यावर दिसलं की सिलिंडरला ओरखडे पडलेत, बोअर करण्यावाचून, म्हणजे ते आतून घासून थोडे मोठे करण्यावाचून, इलाज नाही.

म्हणून ते इंजिन पिकअपच्या हौद्यात जुन्या टायरवर ठेवून, दोऱ्यांनी आवळून मी कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेलं. 1,089 सीसीचं ते इंजिन हौद्यात इतकं लहान दिसत होतं की वळणावर मी दोनदा आरशात बघितलं, आहे ना जाग्यावर. पिकअपला तर माल भरलाय हे कळलंच नाही. उद्यमनगरात बोअरिंगवाल्यानं मोजमाप घेऊन सांगितलं की 68 मिलिमीटरचा मूळ बोअर आधीच एकदा वाढवलेला आहे, आता शेवटची एकच साईज उरलीय. त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी बसवायची. चारही भोकं घासून आरशासारखी झाली, त्यांच्या भिंतींवर बारीक तिरक्या रेघा ओढल्या गेल्या, ऑइल धरून ठेवायला. त्या रेघांवरून मी बोट फिरवत राहिलो. पिकअप घेऊन सहा वर्षं झाली, तिच्या इंजिनाच्या आत मी कधी बघितलेलं नाही आणि बघायची वेळही आलेली नाही.

सुट्या भागांसाठी वेगळी फेरी करावी लागली नाही. पहाटे मार्केट यार्डात माल उतरला की पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, होईपर्यंत केबिनमध्येच पडायचं आणि दहाला नाना पेठेत हजर व्हायचं. पद्मिनीचे बरेच भाग डिलाइटला बसतात, एवढं भाग्य. पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि सगळे रबरी पाईप मात्र मी मुद्दाम इथेनॉल सोसणारे घेतले. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं आणि 1968 च्या रबराला ते माहीत नाही. रबर फुगतं, मऊ पडतं. आमच्या भागातल्या उसाचंच इथेनॉल होऊन ते टाकीत येतं, त्याला नको म्हणवत नाही. गाडीलाच त्याची सवय लावायची.

आता त्या दोन रात्रींबद्दल सांगतो, कारण दोन्ही गाड्यांमधला फरक मला तिथं खरा कळला.

जूनमधली गोष्ट. हौद्यात कोथिंबीर आणि मेथी, वर ताडपत्री. महामार्गाला लागून तासही झाला नव्हता, तोच पिकअपच्या काट्यांमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीची ताकद गेली. ऍक्सिलेटर तळापर्यंत दाबला तरी तीसच्या वर जाईना. आवाज ठीक, धूर ठीक, ऑइल ठीक. मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि मला काहीच करता येईना. इंजिनाला काहीतरी चुकीचं कळलं होतं आणि स्वतःला जपण्यासाठी त्यानं ताकद कमी केली होती; ते काय कळलं होतं, हे मला विचारायची सोय नव्हती. सकाळी मेकॅनिक स्कॅनर घेऊन आला, खाली वायर जोडली, दोन मिनिटांत कोड वाचला. एका सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. गाडीचा दोष काहीच नाही, आमच्याच पडवीतला उंदीर. वीतभर वायर बदलली आणि ती पहिल्यासारखी पळाली. तोवर कोथिंबीर पिवळी पडली होती.

दुसरी रात्र जानेवारीतली. फियाट चाचणीसाठी पहिल्यांदा गावाबाहेर काढली होती, रहिमतपूर रस्त्याला. इंजिन फटफट करून बंद पडलं. फोन मिस्त्रींना लावला. म्हणाले, "पेट्रोल येतंय का बघ. येतंय? मग ठिणगी बघ." सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या दोन पट्ट्या बोटानं सोडल्या, रोटर काढला. आत दोन छोटे पॉइंट एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटतात तेव्हा ठिणगी पडते. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी लागते. माझ्या गाडीत ती मिटलीच होती, बारका स्क्रू ढिला झाला होता. फट मोजायचं फिलर गेज घरी राहिलं होतं. मिस्त्री म्हणाले, "पोस्टकार्ड हाय का? नसंल तर लग्नपत्रिका." डॅशबोर्डच्या खणात चुलतभावाच्या मुलीची पत्रिका होती. तिचा कोपरा दुमडून फटीत घातला, स्क्रू आवळला, पत्रिका ओढून काढली. सेल्फ मारला. चालू. मोबाईलच्या उजेडात, पंधरा मिनिटांत, पत्रिकेला काळा डाग.

यावरून जुनं ते सोनं असं कुणी समजू नये. हिशोब सरळ आहे. सहा वर्षांत पिकअप रस्त्यात एकदा थांबली, फियाट पहिल्याच महिन्यात तीनदा. टॅपेट, पॉइंट, कार्बोरेटर, ग्रीस, पाणी, ऑइल, दर थोड्या दिवसांनी काहीतरी मागतेच. लिटरमागं किलोमीटर दोघींचे जवळपास सारखे पडतात, पण एक दीड टन माल ओढून तेवढे देते आणि दुसरी आईला आणि तिच्या पिशवीला. धंदा फियाटवर करायचा झाला तर मी महिन्याभरात बसलो असतो. अण्णांनी तो केला, कारण त्यांच्यापुढं दुसरा पर्यायच नव्हता, आणि मला आता वाटतं की कमरेचं दुखणं त्यांना त्यातूनच लागलं.

ब्रेकचं काम मी कुणाकडं दिलं नाही, स्वतः केलं. चारही चाकांना ड्रम, पायाच्या जोरावर चालणारे, बूस्टर नाही. नवीन सिलिंडर, नवीन पाईप, मग नळ्यांतली हवा काढायची. मी चाकाखाली, हवा सोडायच्या निप्पलला लावलेली पारदर्शक नळी बाटलीत सोडलेली, आणि वर माझी मुलगी पेडलवर. आई खुर्ची आणून शेजारी बसली. मी खालून म्हणालो, "दाब." मुलीनं दाबला आणि लगेच सोडला. आई म्हणाली, "असं नाही पोरी. दाबायचं आणि तो 'सोड' म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. मधेच सोडलंस तर हवा परत आत जाती." मी चाकाखालून बाहेर आलो. "तुला कसं माहीत?" "पेडलवर मीच असायची की. अण्णा खाली, मी वर. तू तेव्हा पाळण्यात." मग आईच सांगत गेली, दाब, धर, आता सोड, मी निप्पल उघडत-मिटत गेलो, बाटलीत बुडबुडे येत राहिले, बारीक होत गेले, थांबले. चौथ्या चाकाला मुलीचा पाय थरथरायला लागला होता. तरी तिनं सोडला नाही.

कागदपत्रांत एक निर्णय घ्यावा लागला. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना 2021 पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. मला मोह झाला. पण त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मग आईला माहेरी कसं नेणार? शिवाय आमच्या मागच्या कमानीत जीपचा पाटा आहे आणि तो मला काढायचा नव्हता. नेहमीच्या पद्धतीनं नोंदणीचं नूतनीकरण केलं. 'एम'पासून सुरू होणारा जुना तीन अक्षरी नंबर तसाच राहिला.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही शिरवळच्या बाजूला आईच्या माहेरी निघालो. फियाटला सीटबेल्ट नव्हते, मी पुढच्या दोन सीटना बसवून घेतले. पण पट्टा असला तरी तिची दारं पातळ आहेत, समोर धडक सोसायला पिकअपसारखं काही नाही. म्हणून नियम केला: अंधार पडल्यावर नाही, साठच्या वर नाही, आणि मागून पिकअप घेऊन भाऊ. आई दाराशी पाठमोरी झाली, सीटवर टेकली, दोन्ही पाय आत घेतले. गुडघा वाकवावा लागला नाही. कुणी काही बोललं नाही, पण भावानं माझ्याकडं बघितलं.

जाताना बोगद्यातून गेलो. खरी परीक्षा परत येताना, कारण साताऱ्याकडं येणारी वाहनं तेव्हा खंबाटकी घाट चढून यायची. हा घाट मी आठवड्यातून चारदा चढायचो. हौदा रिकामा असायचा, पिकअप तिसऱ्यात सहज ओढायची आणि माझं डोकं पट्टीत असायचं. आज काय दर फुटला, हमाली किती कापली, अमुक शेतकऱ्याला काय सांगायचं. घाट कधी संपला ते कळायचंही नाही. इतक्या वर्षांत मी तो घाट खऱ्या अर्थानं बघितलाच नव्हता.

फियाटमध्ये पहिल्याच चढाला इंजिनाचा सूर खाली यायला लागला आणि डावा हात स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरकडं गेला. उशिरा टाकला असता तर पहिल्यावर यावं लागलं असतं, लवकर टाकला असता तर इंजिन नुसतं ओरडलं असतं. दुसरा पडला. पुढं उसाचा ट्रॅक्टर. त्याच्या मागं अडकलो तर वेग जाणार, म्हणून दोन वळणं आधीच अंतर ठेवायचं, जागा दिसली की निघायचं. स्टेअरिंग जड, वळणावर दोन्ही खांदे लागतात. गरम ऑइलचा वास आत येतो, तो नेहमीचा आहे की जास्त आहे हे नाकानं तोलायचं. मागून आई काहीतरी सांगत होती, ते मी ऐकलंच नाही. दराचा, पट्टीचा, हप्त्याचा एकही विचार त्या सबंध घाटात आला नाही. पिकअप मला विचार करायला मोकळं सोडते आणि मी तो मोकळा वेळ काळजी करण्यात घालवतो. फियाट तेवढी जागाच ठेवत नाही.

खामजाईच्या देवळापाशी थांबलो, बॉनेट उघडलं. इंजिनावरची हवा थरथरत होती. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, म्हणून नुसतंच थांबलो. आई गाडीतून आपली आपण उतरली, देवीला हात जोडून आली, आणि बॉनेटशेजारी उभी राहून म्हणाली, "पूर्वी इथं गाड्यांची रांग असायची, सगळ्यांची बॉनेटं उघडी. अण्णा प्रत्येकाशी बोलायचे."

वेळ्याच्या बाजूला उतरताना मी दुसऱ्या गिअरवरच राहिलो. ब्रेकला मांडीचा जोर लागतो आणि गाडी थांबते, पण पिकअपसारखी दाबल्याबरोबर नाही. दाबायचं, वाट बघायची, तेवढं अंतर आधीपासून धरून चालायचं. पायाखाली पेडल घट्ट होतं. हवा पूर्ण निघाली होती.

साडेसहाला घरी. फियाट पडवीत लावली, मागच्या चाकाला दगड लावला. भावानं पिकअप रानाच्या वाटेला मागं घेतली होती, तिघंजण क्रेट भरायला उभे होते. नऊला निघालो. महामार्गाला लागल्यावर पहिला गिअर बदलायला माझा हात स्टेअरिंगच्या मागं गेला, रिकामाच फिरला, आणि मग खाली आला.